हिरवी टोपी, निळी सही

ऐन जुलैत आखातातल्या सित्र्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसचा एसी बंद होता, आणि बसमध्ये भांडण चालायचं अमेरिकन फुटबॉलच्या हिरव्या आणि निळ्या अशा दोन संघांवरून. सगळं त्या ड्रायव्हरमुळे. कोकणातला, पन्नाशीचा, डोक्यावर हिरवी टोपी. पूर्वी तो अमवाजच्या श्रीमंत वस्तीत एका अमेरिकन कुटुंबाची गाडी चालवायचा. टोपी आणि त्या दोन संघांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैराचा इतिहास त्याला तिथेच मिळाला. बसची डावी बाजू त्याने हिरव्यांना दिली, उजवी निळ्यांना. सामना कोणीच पाहिलेला नाही. तरी हिरव्यांना सोडून निळ्यांत गेलेला खेळाडू गद्दार की शहाणा, यावर वेल्डर एकमेकांची गचांडी धरायला उठत. "खलास, बसा," म्हणत तो दोन बोटांनी आरसा सरळ करायचा.

मी एसी दुरुस्त करा म्हणून कंपनीला द्यायच्या अर्जावर सह्या मागत होतो. तीन दिवसांत तीन मिळाल्या. चिडून म्हणालो, "काका, तुम्ही कामगारांत फूट पाडताय."

"पुढारी, आधी हे गावावरून नि धर्मावरून भांडायचे. रक्त निघायचं. आता उतरताना हसतात तरी. आण तो कागद."

दुसऱ्या दिवशी कागद भरून आला. मधोमध रेघ, डावीकडे हिरवे, उजवीकडे निळे. त्याची स्वतःची सही निळ्यांत होती.

"तुमची टोपी तर हिरवी?"

"निळ्यांत एक कमी पडत होता."

बसची तक्रार झाली की पहिली नोकरी ड्रायव्हरची जाते, हे त्याला माहीत होतं. एकजुटीवर मी ढीगभर पत्रकं लिहिली आहेत. हा माणूस त्यांत कुठे बसतो, मला अजून कळलेलं नाही.