फुलचंदकाकांच्या ओट्यावरचे नेम

सन १९७४. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. अंगात बैलाचं बळ होतं आणि तोंडही त्याच मापाचं होतं. त्या उन्हाळ्यात एकदा कासऱ्यासाठी दोर घ्यायला फुलचंदकाकांच्या दुकानात गेलो, तर ओट्यावर चार माणसं बसून बोलत होती. देव मूर्तीत असतो की नसतो, असं काहीतरी चाललं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. पण मी इंझोरीचा कास्तकार, घरची शेती करणारा. माझ्या गावात चाललेल्या बोलण्यात मला कोणी विचारायची काय गरज? उभ्याउभ्याच तोंड घातलं आणि माझा आवाज पार मारुतीच्या पारापर्यंत गेला.

काका गादीवरून उठले. मला वाटलं, आता हा माणूस मला खाली उतरवणार. मी बाह्या वर केल्या. काका कोपऱ्यातल्या घड्याकडे गेले, फडक्यानं गाळलेलं पाणी तांब्याभर घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "पे," एवढंच म्हणाले. मी प्यालो. पिऊन झाल्यावर मला आठवेचना की मी कोणत्या शब्दावर होतो. तिथं रहीमचाचा बसला होता, आमच्या गावचा शिंपी. तो म्हणाला, "किसन, काकाचं पाणी भल्याभल्याले लागते. बस आता खाली."

मी बसलो, तो काका असेपर्यंत बसतच राहिलो.

काका जैन. दिवस मावळायच्या आत जेवण करायचे. आम्ही बाकीचे दिवस मावळल्यावर जेवणारे. त्यांचं ताट उचललं गेलं की आमचं ताट वाढलं जाईपर्यंतचा जो वेळ, ती ओट्याची वेळ. रहीमचाचा यायचा, देवमन भजनी यायचा, शेतातून परतणारा कोणीही पायाची माती झटकून बसायचा. बोलणं देवाधर्माचंच. पाप कशाला म्हणायचं, मेल्यावर काय होतं, मंगरूळच्या दर्ग्यात हिंदू का जातात. भाव-बाजार काढला की काका म्हणायचे, "थे दुकानात बोलू. ओट्यावर नाई."

ओट्याचे नेम होते, पण ते कुठं लिहिलेले नव्हते. रहीमचाचानं एकदा सुचवलं, पाटी लावू. काका म्हणाले, "पाटी लावली का लोक पाटी वाचतात. मंग समोरच्या माणसाच्या तोंडाकडं कोण पाह्यते?" तोंडात सुपारी असताना कोणी देवावर बोलायला लागलं की हात वर करायचे. "दोनातलं एक काहीतरी चघळ बाप्पा. सुपारी नाई त देव." 'तुमचा देव', 'आमचा देव' म्हणायचं नाही. जो माणूस ओट्यावर हजर नाही, त्याच्या धर्माबद्दल बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर आधी त्याला बोलावून आणायचं. आणि आवाज चढला की पाणी. "पेतानी माणसाले वरडता येत नाई," काका म्हणायचे. "देवानं नरडं एकच देलं, हे त्याचे उपकार."

अंधार पडला की बोलणं बंद, हा आणखी एक. ओट्यावर ते दिवा लावू देत नसत. दिव्यावर पाखरं येतात, जळतात. "देवाचं बोलाचं अन् त्याच्यापायी जीव जाळाचे, हे मले जमत नाई." या नेमानं माझं फार नुकसान केलं. माझा मुद्दा नेमका शेंड्याला पोचायचा आणि समोरच्याचं तोंड दिसेनासं व्हायचं. काका चपला शोधायला लागायचे. मी म्हणायचो, काका, एकच शब्द राह्यला. ते म्हणायचे, "सकाळपर्यंत खराब होत असंन त थो शब्द कच्चा हाय."

पण सगळ्यात वरचा नेम वेगळाच होता. आधी त्याचं सांग, मग तुझं. म्हणजे कोणाचं बोलणं कापायचं, खोडायचं असेल, तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तेही असं, की ऐकून त्याची मान हलली पाहिजे. मान हलली नाही तर पुन्हा सांगायचं. हलली, की मग खुशाल काप. आणि ज्याची मान, त्यानं खोटी हलवायची नाही.

ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा. देवमन म्हणायचा, नाम घेतलं की पुरे. मला ते कापायचं होतं. मी म्हणालो, "हा म्हणते कामधंदा सोडा अन् टाळ कुटा." देवमनची मान हलली नाही. मी म्हणालो, "हा म्हणते देवाचं नाव घेतलं का चोरीबी चालते." देवमन उठूनच उभा राहिला, त्याला पाणी द्यावं लागलं. असं करत तीन सांजा गेल्या. चौथ्या सांजेला मी म्हणालो, "हा म्हणते का हाताले काम असते, पण तोंड रिकामं असते, म्हणून तोंडाले देवाचं नाव द्यावं." देवमनची मान अशी डोलली की जणू तोच जिंकला. मी कापायला सुरुवात करणार, तर अंधार. काका चपला घालता घालता म्हणाले, "दुसऱ्याचं सांगाले गेलं म्हणजे कळते, आपून त्याले आयकलंच नवतं." माझं मत तेव्हाही बदललं नव्हतं, आजही बदललेलं नाही. पण देवमनचं म्हणणं मला आजही पाठ आहे, त्याला काय करता?

काका जाऊन बरीच वर्षं झाली. आता माझा नातू मोबाइलवरच्या एका गटातली देवाधर्माची भांडणं मला वाचून दाखवतो. कोण कुठं बसून कोणाला शिव्या देतो, काही पत्ता नाही. मी त्याला विचारतो, यायले पाणी कोण पाजते? तो हसतो. हसण्यासारखं काय त्यात? माझी शाळा दुसरीतच सुटली, पण सभेत कसं बसावं हे मला कोणी शिकवायला नको. ते मी एका दुकानाच्या ओट्यावर शिकलो, आणि कसं शिकलो तेच सांगतो आहे.

त्याच साली, आषाढ लागताना, काकांच्या सुशीलाचं लग्न जुळत आलं होतं. शिरपूरचं स्थळ. मुलगा पाहून गेला होता, पसंती झाली होती. फक्त मुलाचे वडील, माणिकचंदजी, यायचे बाकी होते. कापडाचे मोठे व्यापारी. ते घर पाहणार, माणसं पाहणार आणि चातुर्मास लागायच्या आत हो का नाही ते सांगणार. ते आले. मावळतीच्या आत काकूंनी त्यांना जेवू घातलं, आणि पाहुणे हात पुसत ओट्यावर येऊन बसले. आम्ही सगळे त्या दिवशी पाय दुमडून सभ्य बसलो होतो.

रहीमचाचानं सहज विचारलं, "शेठजी, तुमच्यातले लोक वावर-शेती काहून कमी करतात?"

माणिकचंदजी म्हणाले, "वखर चालला का खाली किती जीव मरतात, त्याची गिनती नाई. थे पाप रोज अंगावर कोण घेईन? त्याच्यापेक्षा तागडी बरी."

मी नुकताच वावरातून आलो होतो. पोटऱ्यांना माती तशीच होती. मी म्हणालो, "अन् जवारी तागडीत उगवते काय?" म्हणालो म्हणजे काय, पाराजवळची कुत्री उठली.

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काकांना म्हणाले, "याले शास्त्रातलं काय कळते? सोडा."

काकांनी मला पाणी दिलं. मग शांतपणे पाहुण्यांकडे वळले. "माणिकचंदजी, किसन चुकला. त्यानं तुमचं न सांगता कापलं. पण तुमीबी त्याचं न सांगता कापलं. आधी त्याचं सांगा."

"मी?" पाहुणे म्हणाले.

"ओट्यावर जो बसला थो."

रहीमचाचानं डोळे मिटून घेतले. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला असं म्हणायचं म्हणजे काय, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. पाहुणे उठून आत जातील असं वाटलं. गेले नाहीत. पगडी नीट केली आणि म्हणाले, "हा म्हणते, वावरात पाप लागत नाई." मी मान हलवली नाही. ते म्हणाले, "हा म्हणते, जग मीच पोसतो." यात थोडं खरं होतं, पण मी तसं म्हटलं नव्हतं. मान हलवली नाही. रहीमचाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "किसन, पोरीचं लगन तुह्या मानेवर लटकून राह्यलं रे."

तेवढ्यात काकूंनी मला पोतं उचलायच्या निमित्तानं मागच्या दारी बोलावलं. पोतं बितं काही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, बाबा, एकदा मान हलव, तुझं काय जाते? मी काकूंना कधी नाही म्हटलेलं नाही. त्यांच्या हातचे पापड मी खाल्लेले. पण खोटी मान हलवायची नाही हा काकांचाच नेम, असं मी म्हणायला गेलो. तर आतून सुशीला आली आणि म्हणाली, "किसनभाऊ, पटलं नसंन त हलवू नका. बाबाचा नेम ज्यायले खपत नाई, त्या घरी मले कायले पाठवता?" काकू कपाळाला हात लावून बसल्या. मी ओट्यावर परत आलो.

मी मागच्या दारी असताना पाहुण्यांनी आणखी एकदा सांगून पाहिलं होतं. रहीमचाचानं ते मला सांगितलं, तेही चुकीचंच होतं. माणिकचंदजी बराच वेळ माझ्या पोटऱ्यांकडे पाहत होते. मग म्हणाले, "भाऊ, तुमीच सांगा. मी कुठं चुकून राह्यलो?"

असं मला तोवर कोणा शेठनं विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "शेठजी, वखराखाली मरते थे मले डोयानं दिसते. टिटवीची अंडी दिसली त मी तेवढा तुकडा सोडून वखर नेतो. गांडुळासाठी नाई थांबता येत. पण त्या वावरातली जवारी तुमच्याबी ताटात येते. मंग पाप माह्या एकट्याच्या नावानं काहून?"

ते थांबून थांबून म्हणाले, "हा म्हणते, पिकवणारा अन् खाणारा एका पंगतीत बसले हायेत. खाणाऱ्यानं पिकवणाऱ्याले खाली बसवू नये."

माझी मान हलली. मला न विचारताच हलली.

आता माझी बारी होती, त्यांचं म्हणणं सांगायची. पण तोंडं दिसेनाशी झाली होती. काका चपला शोधत होते. पाहुणे आत गेले. ते सकाळच्या मंगरूळच्या बसनं परत जाणार होते. हो म्हणून जाणार की नाही म्हणून, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. काकांना मी विचारलं, काका, बिघडलं काय? ते म्हणाले, "तुही बारी बाकी हाय, तिचं पाह्य."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल घेऊन डवरणीला, पिकातलं तण काढायला, निघालो. वाट ओट्यावरूनच जाते. माणिकचंदजी पिशवी मांडीवर घेऊन बसची वाट पाहत बसले होते. शेजारी काका. मला सरळ जाता आलं असतं. पण किसननं बारी चुकवली असं गावात कोणी म्हणावं? मी बैल थांबवले आणि तिथूनच म्हणालो, "तुमी म्हणता कास्तकार पापी." त्यांची मान हलली नाही. "तुमी म्हणता तागडी पुण्याची." नाही. मी म्हणालो, मला डवरायचं आहे, जमिनीचा वाफसा जाईल. ते पिशवी घेऊन उठले आणि माझ्यामागं चालायला लागले. काकांनी दुकानाची फळी लावली आणि तेही निघाले.

वावरात पोचलो. ते दोघं धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, बसले. मी माझी भाकर सोडली आणि पाहुण्यांपुढं केली, रीत म्हणून. ते म्हणाले, "आज आठम हाय. उपास."

मी विचारलं, "उपास केला का देव खूश होते?"

"देवाचं माहीत नाई. आपून जेवढं खातो, तेवढा कुठंतरी वखर चालते. एक दिवस खाल्लं नाई त तेवढाच कमी."

मी हातातला तुकडा हातातच ठेवला. बैल शेपटीनं माशा हाकत होते. मग मी म्हणालो, "शेठजी, तुमी म्हणता का माह्या वखराखाली जे मरते, त्यात तुमचाबी घास हाय. थे तुमाले कालच्याआधीच माहीत होतं. म्हणूनच तुमी उपास धरता."

त्यांची मान हलली. हळूच हलली, पण काकांनीही पाहिली.

काका म्हणाले, "हं. आता काप."

मी तोंड उघडलं. पटलं म्हणाल तर पटलेलं नव्हतं. पण कुठून कापावं तेही सापडेना. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. माणिकचंदजींनी पिशवी उचलली नाही. ती त्यांनी काकांच्या हातात दिली आणि म्हणाले, "व्याही, घरी सांगा, मी सांजच्या बसनं जाईन. याचं उत्तर आयकल्याबिगर कसं जाऊ?"

'व्याही' म्हणाले ते. काकांनी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि धुऱ्यावरून असे निघाले, की चपला तिथंच राहिल्या.

मी पाहुण्यांना म्हणालो, "थांबा शेठजी, या ओळीचं एवढं तास घेऊन येतो, मंग सांगतो." आणि बैल हाकले.