पूर्णगडची गाबोळी आणि पंधरा अंश

रत्नागिरी स्थानकातून पूर्णगडची एस.टी. वेळेवर सुटली. माझा उजवा पाय मात्र बाकाबाहेर, मधल्या वाटेतच राहिला.

"पाय आत घ्या," कंडक्टर म्हणाले.

"येत नाही."

"मग त्याचं अर्धं तिकीट काढा वेगळं."

साल २००३. वार्ताहर आणि वकील यांच्या मैत्रीपूर्ण कबड्डी सामन्यात माझ्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रियेने नवा बसवून दहा आठवडे झाले, तरी गुडघा पंच्याण्णव अंशांपुढे वाकत नव्हता. सोमवारपर्यंत एकशे दहा झाले नाहीत तर भूल देऊन जोराने वाकवावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी बसून कोन वाढेना, म्हणून किल्ला पाहायला निघालो.

पूर्णगड छोटा किल्ला आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, हा फिजिओथेरपिस्ट बाईंचा नियम पाळत वर गेलो. तटावरून मुचकुंदी नदी समुद्राला मिळताना दिसते. बसायला जागा भरपूर होती. दृश्य मी उभ्यानेच पाहिलं.

पायथ्याच्या एका अंगणात जाळं दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणाले, "काय ओ, पाय आहे की डोलकाठी?"

हे इब्राहीमचाचा. आखातात टगबोटीवर नोकरी करून परतलेले. हकिगत ऐकून म्हणाले, "वकिलांशी कबड्डी? मग सुटताय कसले! चला, जेवून जा."

आत जमिनीवर दस्तरखान (जेवणासाठी अंथरायचं कापड) होतं आणि मध्ये सगळ्यांचा एकच मोठा थाळा. हलिमाचाचींनी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी वर, जेवण खाली, हात पोचेना.

"आमच्यासारखे बसा," चाचा म्हणाले. त्यांची एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा छातीशी उभा. दोघांनी धरून मला तसं बसवलं. दुखरा गुडघा उभा. घासासाठी पुढे वाकलो की तो आणखी दुमडायचा. डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागलं?" चाचींनी विचारलं.

"नाही. गुडघा."

"मग भात घ्या."

त्यांनी तळलेली गाबोळी (माशाची अंडी) थाळ्याच्या पलीकडच्या काठावर ठेवली.

"चाची, जरा इकडे सरकवा ना."

"हात पोचला तर तुमची. नाहीतर मांजराची."

पहिल्या तुकड्याला मी ओरडलो. दुसऱ्याला कण्हलो. चौथ्या वेळी मांजर उठून गेलं.

परतीच्या एस.टी.त कंडक्टर तेच होते. पाय चार बोटं आत आला होता. "उरलेला पुढच्या खेपेला," ते म्हणाले.

घरी सोमवारपर्यंत मी तसाच जेवलो. आवडती भाजी रोज ताटापलीकडे, हात ताणून पोचेल इतकी दूर. सोमवारी बाईंनी कोनमापक लावला, पुसून पुन्हा लावला. एकशे बारा.

"कोणता व्यायाम केलात?"

"जेवलो."

त्यांना पटेना, म्हणून दवाखान्याच्या फरशीवर बसून दाखवलं. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि कागदावरची भुलीची तारीख खोडली. पूर्णगडला मी किल्ला पाहायला गेलो होतो. लक्षात राहिला तो थाळ्याचा पलीकडचा काठ.

वाकण्याचा प्रश्न असा मिटला. उठण्याचा राहिला होता. मला उभं करायला बाई आणि डॉक्टर, दोघंही लागले.