मार्थेच्या गाण्यातली रिकामी जागा

गवंड्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. कामावर सातला पोहोचायचं. त्याआधीचा वेळ सरावाचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेलची घडी, घडीवर रबराचा तुकडा, आणि हातात ड्रमच्या दोन काठ्या. संध्याकाळी हे जमत नसे. दिवसभर गिलावा करून आलेलं मनगट काठी धरतं, पण ऐकत नाही. हात ताजे असतात ते पहाटेच. म्हणून पहाट गाण्याची, बाकीचा दिवस मुकादमाचा.

"अहो, त्या टॉवेलचा जीव गेला आता," बायको आतून म्हणायची. "नवा घ्या."

"नव्यावर काठी फार उडते."

"माझी झोपही तशीच उडते. तिचं काय ते बघा."

बँड चर्चचा. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बसगाड्या दुरुस्त करायचा. गिटार त्याची आणि गाणीही त्याचीच. गवंड्याची धाकटी बहीण दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला, ती गायची. बेस गिटार एका शिंप्याच्या हातात. तो बोलायचा कमी, वाजवायचा नेमकं. चौघे मिळून रॉक वाजवायचे, आणि दणकून वाजवायचे. पहिल्या रविवारी मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. पाळक म्हणाले, "बायबलातल्या यरीहोच्या भिंती गर्जनेने पडल्या, कुजबुजून नव्हे." त्यानंतर तक्रार आली नाही.

गाणी बायबलमधली, पण त्यांतली माणसं शेजारीपाजारी राहत असावीत अशी. रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने परतलेले कोळी. येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय तो उठलाय यावर विश्वास न ठेवणारा थोमा. सगळ्यांत आवडतं गाणं मार्थेचं. प्रभू घरी आलाय, तिची बहीण त्याच्या पायाशी ऐकत बसलीय, आणि मार्था एकटी चुलीपाशी राबतेय. "पाय धुवायला पाणी कोण आणेल?" एवढं गाऊन गवंड्याची धाकटी बहीण थांबायची. गिटारही थांबायची. गवंडी ड्रमवर एकच ठोका मारून काठी वर धरायचा. क्षणभर सगळं रिकामं. मग चौघे एकदम कोसळायचे. घरचं, बाहेरचं काम करून आलेल्या बायका त्या रिकाम्या जागी डोळे मिटून घ्यायच्या. बायबलात प्रभू मार्थेलाच समजावतो; या गाण्यात तिला कुणी उपदेश करत नव्हतं, हे त्यांना पुरेसं होतं.

चौघांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे जमवले आणि अल्बमसाठी स्टुडिओ घेतला. खोली छोटी, भिंतींना जाड स्पंज, पायाखाली गालिचा. रेकॉर्डिंग करणारी बाई कामाला चोख होती. तिने मार्थेचं गाणं तीनदा ऐकलं आणि काचेपलीकडून बाहेर आली.

"ड्रम मागे ओढतायत," ती म्हणाली. "राग मानू नका काका, पण प्रत्येक ठोक्यानंतर तुम्ही कुणाची तरी वाट बघता. ड्रम मशिनवर घेऊ या. हल्ली पुष्कळ जण घेतात."

मेहुण्याने जमिनीकडे पाहिलं. गवंडी एवढंच म्हणाला, "आठवडाभर द्या मला."

तो आठवडा त्याने टकटक करणारं यंत्र कानाशी लावून काढला. भिंतीला ओळंबा लावावा तसा ठोका लावून पाहिला. उठायची वेळ आणखी अलीकडे नेली. मनगट सुजलं तेव्हा पट्टी बांधली. कामावर दांडी मारली नाही, सरावालाही नाही. पुढच्या शनिवारी त्याने गाणं वाजवलं ते सुतासारखं सरळ.

बाईने कानांवरचे हेडफोन उतरवले. ती म्हणाली, "आता चूक एकही नाही."

"मग?" धाकटीने विचारलं.

"आता गाणंही नाही."

मेहुणा उसासला. "भाऊजी, लावू या का मशीन? अल्बम तरी होईल."

गवंड्याचा चेहरा उतरला. मशीन लागलं तर अल्बमवर त्याचा एकही ठोका राहणार नव्हता. तरी तो म्हणाला, "लावा. माझ्यापायी तुमचं अडायला नको."

डबा घेऊन आलेली बायको दारात उभी होती. तिने डबा खाली ठेवला. "मॅडम, तुम्ही यांना आमच्या चर्चमध्ये वाजवताना ऐकलंय?"

"नाही."

"मग पेशंट न बघता औषध कसं लिहिता हो?"

बाई हसली, पण रविवारी आली. शेवटच्या बाकाजवळ उभी राहिली. मार्थेचं गाणं सुरू झालं, प्रश्न आला, ठोका पडला, काठी वर राहिली. आणि समोरच्या उंच भिंतीवरून तोच ठोका परत आला, जाडजूड होऊन. त्याचं बोट धरून चौघे पुन्हा सुरू झाले.

उपासना संपल्यावर बाई हॉलच्या मधोमध आली आणि जोरात टाळी वाजवली. टाळी परत आली. "काका, तुम्ही वाट बघता ती भिंतीची," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्या बँडमध्ये पाचवा गडी आहे. स्टुडिओत तो नव्हता. मी मशीन लावायला निघाले होते, चूक माझी."

मेहुणा भिंतीवर हात फिरवून ओरडला, "भाऊजी, ही भिंत तुम्हीच घोटलीत ना! आरशासारखी केलीत, मग ती गप्प कशी बसेल? घरचाच गडी निघाला की!"

"घोटायची तर नीट घोटायची," गवंडी म्हणाला. "मला काय ठाऊक ती गाणारेय."

आता रेकॉर्डिंगची सगळी यंत्रं गाडीत घालून हॉलवर आणायची होती, आणि जमवलेले पैसे स्टुडिओतच संपले होते. गवंड्याने मुकादमाकडे छताचं काम मागितलं. छताचा गिलावा कुणी हौसेने घेत नाही. मान मागे, हात वर, माल डोळ्यांत. मजुरी जास्त असते ती उगाच नाही. मुकादम म्हणाला, "या वयात छत? म्हातारचळ लागला का रे?" गवंड्याने शिडी उचलली. घरी आल्यावर मान वळेना तेव्हा बायको तेल चोळायची. "प्रभूसाठी की बँडसाठी?" तिने एकदा विचारलं. "तुझ्या भावासाठी," तो म्हणाला. "त्याला बसगाड्या खोलायचं सोडून दुसरं काही जमलं पाहिजे ना."

यंत्रं आली. हॉलमध्ये दोन दिवस वायरी पसरल्या. गवंड्याने सगळी गाणी आपल्या हातांनी वाजवली, पूर्वीसारखी, वाट बघत. मार्थेच्या गाण्याला बाईने दुसऱ्यांदा घ्या म्हटलं नाही.

अल्बम ऐकला की चर्चचा तो हॉल दिसतो. शिंप्याचा बेस पायाखालून येतो, मेहुण्याची गिटार खरखरीत दगडासारखी, धाकटीचा आवाज कामावरून थेट आल्यासारखा, आणि ड्रमच्या मागे थोडी मोकळी हवा. धर्माशी देणंघेणं नसलेली पोरंही तो मोठ्याने लावतात. गुळगुळीत गाण्यांच्या गर्दीत ही गाणी श्वास घेतात.

शेजारीण एकदा म्हणाली, "छताची एवढी मजुरी आली म्हणतात. घरात तर काही नवं दिसत नाही. केलंत काय तिचं?"

बायकोने मार्थेचं गाणं लावलं. प्रश्न आला, ठोका पडला, सगळं थांबलं. भिंतीवरून ठोका परत आला तसं तिने बोट वर केलं.

"हे," ती म्हणाली.