खोट्या नोकरीला फार माया

त्या काळच्या मोबाईलमध्ये थोडे मेसेज साठले की ‘इनबॉक्स फुल’ यायचं आणि जुने उडवावे लागायचे. किश्श्यांचं तसं नसतं, ते साठतच जातात. मैलापुरात रावकाकांच्या माडीवर मी, प्रसाद आणि निलेश भाड्यानं राहायचो. मंदी आली, पाठोपाठ नोकरीच्या ऑफर घेऊन मेसेज आले, आणि आमच्याकडे किश्श्यांना तोटा राहिला नाही.

रावकाका तंजावरकडचे मराठी. कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात जन्म काढून रिटायर झालेले. कोणताही मेसेज आला की आम्ही आधी जिना उतरून त्यांच्याकडे जायचो.

*

पहिला मान माझा. ‘अभिनंदन! तुमच्या मोबाईल नंबरची एचआर मॅनेजर पदासाठी निवड झाली आहे.’ मी सॉफ्टवेअर टेस्टर, अर्जही केलेला नव्हता. तरी जरा छाती फुगलीच.

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. “निवड नंबराची झाली आहे,” ते म्हणाले. “मग नंबरालाच पाठव की इंटरव्ह्यूला.”

*

प्रसादला ओरगडमच्या ट्रक कारखान्याची ऑफर आली. काका म्हणाले, “त्याला पूस, यायचं कसं म्हणून.”

प्रसादनं फोन लावला. पलीकडचा गोड आवाजात म्हणाला, “सोपं आहे सर. ओरगडम स्टेशनला उतरा, समोरच आमचं गेट.”

ओरगडमला रेल्वेच जात नाही! काकांनी शांतपणे फोन हातात घेतला. “सरि, पा, बरं बाबा. स्टेशन बांधून झालं की कळव. मीही येतो बघायला.”

*

निलेशचं मात्र चेष्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. पेरुंगुडीच्या कंपनीनं त्याला काढलं होतं आणि जळगावला घरी त्यानं सांगितलं नव्हतं. त्याला ऑफर आली, सोबत ‘रिफंडेबल डिपॉझिट’. शिल्लक होती तेवढी सगळी बँकेतून काढून तो निघालाच होता, तेवढ्यात काकांनी जिन्यात गाठला.

“जन्मभर लोकांना नोकऱ्या दिल्या. एकाकडून पैसा घेतला नाही,” काका म्हणाले. “घेतला असता तर आज तुम्हा तिघांना माडी भाड्यानं दिली असती काय?”

*

तरी डिपॉझिट मागणारा तो माणूस निलेशला रोज फोन करायचा. जेवलात का सर, आईची तब्येत कशी आहे सर. काका एकदा वैतागले. “खरी कंपनी तुझ्या आईला पुसत नाही, पा.”

निलेशचा आवाज चढला. “काका, नोकरी गेल्यापासून मला जेवलास का म्हणून विचारणारा तो एकटाच आहे.”

काका उठून आत काकूंकडे गेले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी जिन्यातून काकूंची हाक यायची, “निलेश, जेवलास काय?” आणि तो काही म्हणायच्या आत सांबारभात वर यायचा. हळूहळू त्यानं त्या माणसाचा फोन उचलणं सोडलं. मला फार बरं वाटलं.

*

मग एके दिवशी निलेशला एक कोरडा मेसेज आला. सोमवारी सकाळी इंटरव्ह्यू, मूळ सर्टिफिकेटं आणा, खाली ओरगडमच्याच एका कंपनीचं नाव. अभिनंदन नाही, काही नाही.

“मेसेजातल्या नंबराला नको,” काका म्हणाले, आणि त्यांनी टेलिफोन डिरेक्टरीतून कंपनीचा नंबर काढून दिला. निलेशनं स्पीकर लावला. आम्ही सगळे भोवती बसलो. काकूही दारात येऊन उभ्या राहिल्या.

पलीकडे एक बाई होत्या.

“मॅडम, डिपॉझिट किती?”

“कसलं डिपॉझिट?”

“नोकरी नक्की ना?”

“पुष्कळ जण येणार आहेत. बघू.”

“यायचं कसं?”

“पूनमल्लीहून बस आहे. चौकशी करून या.”

निलेशला राहवलं नाही. “मॅडम, कंपनी खरी आहे ना?”

“हे बघा, मला कामं आहेत. यायचं तर या, नाहीतर राहू द्या.” आणि खाडकन फोन ठेवला.

निलेशचा चेहरा पडला. “काका, तिनं फोन आपटला.”

काका तोवर उठून उभे राहिले होते. आनंदानं त्यांचा आवाज कापत होता.

“अगं,” ते काकूंना म्हणाले, “इस्त्री तापव. पोराचा शर्ट आण.”