पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

आईला ऑपरेशनसाठी आत नेल्यापासून अप्पा बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या ऑक्सिजन सिलिंडरवरचा आकडा न्याहाळत होते. ५१०५११. त्यांचा सगळा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला होता.

"दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा," ते पुटपुटले, "कशानेही भागून बघ, बाकी एकच उरते."

ते 'एकच उरते' मला ऐकवेना. वर्गात असताना आपण बाकी लिहून पुढच्या गणिताकडे वळायचो. उरलेल्या त्या एकाचं पुढे काय होतं, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

"अप्पा, दुसरं काहीतरी बोला ना."

"हे थांबवलं, तर त्या दाराकडे बघावं लागतं गं."

मग मीही त्यांच्याबरोबर तोंडाने एकोणीसचा भागाकार करू लागले. दोनदा चुकले. त्यांनी दोन्ही वेळा शांतपणे सुधारलं. एकोणीसने पूर्ण भाग गेला, तेव्हा आम्हाला उगीचच हायसं वाटलं. पण लगेच अप्पांनी पुढची संख्या धरली.

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नीट झालंय. शुद्धीवर येताहेत त्या."

अप्पा उठले नाहीत. हात जोडून म्हणाले, "पुन्हा एकदा सांगता का?"