किरकोळ साफसफाई

वीब्रेनला आमच्या गावात नावं ठेवणारं कोणी नव्हतं. कालव्यावरचा पूल वर-खाली करणं हे त्याचं काम, आणि होड्या नसतील तेव्हा पुलावरच्या काचेच्या खोलीत बसून लॅपटॉप बडवणं हा त्याचा छंद. एखादा होडीवाला भोंगा वाजवून वाजवून कंटाळायचा, तेव्हा कुठे याची मान वर व्हायची. "आलो, आलो! बुडत नाहीयेस ना?" असं खिडकीतून ओरडायचा. होडीवाला शिव्या घालायचा आणि हसायचाही.

आम्ही दोघं एकाच क्लबातले, हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन परवाना काढलेले, आणि रविवारी सकाळी आपापल्या घरी कॉफीचा कप घेऊन हवेतून गप्पा मारणारे. या गप्पांना आम्ही फेरी म्हणतो. एकाने बोलायचं, बोलून झालं की पाळी पुढच्याकडे जाते, आणि बाकीच्यांनी तोवर तोंड मिटून ऐकायचं. फेरी मी चालवते. बडबड्यांना गप्प करायला कोणीतरी लागतंच.

क्लबाने एकदा स्वस्तातले हातरेडिओ घेतले. स्वस्त ते स्वस्तच. त्यांच्यावर एक चॅनेल भरायचा म्हणजे इवल्या बटणांशी अर्धा तास झटापट. असे चॅनेल कॉम्प्युटरवरून भरायला जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला एक प्रोग्राम आहे. फुकट मिळतो, आणि आत काय लिहिलंय ते कोणीही उघडून वाचावं, सुधारावं. आपला रेडिओ त्यात चालत नसेल तर रडत बसायचं नाही, ती सोय आपणच लिहून द्यायची. वीब्रेनने ती लिहिली. एक अख्खा हिवाळा तो रेडिओ आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या तारेतून जाणारे आकडे बघत बसला होता. त्याचं काम प्रोग्रामात घेतलं गेलं, शेजारी त्याचं नाव आलं, आणि आम्ही गुलाबी साखरेचा केक कापला. पठ्ठ्या लाजून लाल झाला होता.

त्यानंतर क्लबाने जे केलं ते कुठलाही क्लब करतो. एक रेडिओ नीट भरला, त्याची फाइल काढली आणि तीच बाकीच्या सगळ्या रेडिओंमध्ये ओतली.

त्यातला एक रेडिओ डाउवेकडे गेला. डाउवे आमचा वाटाड्या. ओहोटीला समुद्र मागे सरतो तेव्हा किनाऱ्यावरच्या बांधापासून बेटापर्यंत चिखलातून चालत जाता येतं, पण वाट माहीत असलेला माणूस पुढे हवा. डाउवे उभा जन्म ते करत आला होता, हातात माणसापेक्षा उंच काठी आणि तोंडात सतत एखादी थट्टा. परवाना त्याच्याकडेही होता. लोकांना घेऊन तो निघाला की आमच्यापैकी एकजण बांधावर रेडिओ घेऊन बसायचा. फोनचं तिकडे काही खरं नसतं.

सप्टेंबरात तो हा नवा रेडिओ घेऊन पहिल्यांदाच निघाला, एका शाळेची मुलं सोबत होती, आणि मध्यावर धुकं उतरलं. बांधावर मी होते. मी त्याला हाका मारत राहिले. उत्तर नाही. पाणी चढायची वेळ झाली तशी मी बचावबोटीला कळवलं. त्यांना मुलं एका वाळूच्या उंचवट्यावर सापडली, कंबरेएवढ्या पाण्यात, एकमेकांचे हात धरून. कोणाला काही झालं नाही. बोटीतून उतरल्यावर डाउवे थेट माझ्याकडे आला.

"अगं, मी प्रत्येक हाकेला ओ देत होतो," तो म्हणाला. "तू कुठे होतीस?"

"इथेच होते. तुमचा आवाजच आला नाही."

क्लबाच्या बैठकीत वीब्रेनने तो रेडिओ सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला, शेजारी दुसरा ठेवला, बटण दाबून बोलला. खणखणीत ऐकू आलं.

"रेडिओ ठणठणीत आहे," तो म्हणाला. "गडबडीत बटण दाबायचं राहून गेलं असेल, डाउवे. या वयात होतं असं."

"मी दाबलं होतं रे."

"तुम्हाला वाटतंय तसं."

शेवटी डाउवे हळूच म्हणाला, "असेलही." मुलांचे आईबाप मागच्या ओळीत बसले होते. त्यांच्याकडे बघायची हिंमत मला झाली नाही, त्याला कुठून होणार? त्याची बायको वित्स्के मला नंतर सांगत होती की तो स्वयंपाकघरात एकटाच उभा राहून रेडिओचं बटण दाबतो, सोडतो, परत दाबतो. "वेडा झालाय का गं हा?" तिने विचारलं. मी म्हटलं, होईल बरा.

नोव्हेंबरात नॉर्वेतल्या कोणा अनोळखी माणसाने प्रोग्रामवाल्यांकडे तक्रार केली. याच मॉडेलच्या एका रेडिओची फाइल दुसऱ्यात ओतल्यावर तो दुसरा रेडिओ भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बोलायला लागला होता. वीब्रेनने आपलंच लिखाण उघडलं आणि चूक त्याच्या लक्षात आली. प्रत्येक रेडिओ कारखान्यात एकेक करून नेमक्या फ्रिक्वेन्सीला जुळवून दिलेला असतो, आणि ते जुळवलेले आकडे चॅनेलांच्या शेजारीच साठवलेले असतात. त्यांना हात लावायचा नाही हा या कामातला पहिला नियम. ते वेगळे ठेवायचा वीब्रेनने कंटाळा केला होता; त्याच्या प्रोग्रामात चॅनेलांसोबत तेही एका दमात लिहिले जात होते. त्याच्या स्वतःच्या रेडिओत त्याचेच आकडे परत गेले, म्हणून त्याला काही कळलं नाही. परके आकडे क्लबातल्या बाकीच्या रेडिओंतही बसले होते, पण त्यांचं थोडक्यात निभावलं; डाउवेच्या रेडिओचं जुळणं मात्र पार बिघडलं. त्याला आमचं कसंबसं ऐकू येत होतं, पण त्याचा आवाज आमच्या चॅनेलच्या बाजूने निघून जात होता. आणि टेबलावर? हातभर अंतरावर फ्रिक्वेन्सी सरकलेला रेडिओही शेजारच्याला ऐकू जातोच. पोरवयाच्या हौशीलाही हे माहीत असतं.

त्याने चूक दुरुस्त केली. या कामात केलेल्या प्रत्येक बदलाखाली काय बदललं ते एका ओळीत लिहायचं असतं. त्याने लिहिलं, "किरकोळ साफसफाई." जगात कोणीही ते वाचू शकत होतं, पण आमच्या गावात कोण वाचणार? आणि मूग गिळून बसला.

डिसेंबरात डाउवेने आपली काठी सोडली. गावच्या सभागृहात वाटाण्याचं सूप झालं, भाषणं झाली, काठी रिक्स्त नावाच्या तरुण वाटाड्या मुलीच्या हातात गेली. डाउवे म्हणाला, "ज्याला बटण दाबल्याचं आठवत नाही, त्याने दुसऱ्यांची पोरं नेऊ नयेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या. वीब्रेनने तर उभं राहून वाजवल्या. नोव्हेंबरातली ती गोष्ट पुढे त्याने मला स्वतः सांगितली तेव्हा तो हात मांडीखाली दाबून बसला होता.

मार्चात डाउवे पुलावर आला, पिशवीत तो रेडिओ आणि चार्जर घेऊन. "घे बाबा," म्हणाला. "कोणा जाणत्याला दे. आणि त्या दिवशी बैठकीत फार ताणलं नाहीस, उपकार झाले तुझे."

वीब्रेनने पिशवी घेतली. दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन तो डाउवेच्या घरी गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळा झाला. वित्स्के कॉफी ओतत होती. डाउवेने पूर्ण ऐकून घेतलं. ओरडला नाही.

"कधी कळलं तुला?"

"नोव्हेंबरात."

"मी काठी डिसेंबरात दिली."

"हो."

"तू तिथे होतास."

"होतो."

वित्स्केने कॉफीचं भांडं ठेवलं आणि वीब्रेनसमोरचा भरलेला कप उचलून मोरीत ओतून टाकला. आमच्याकडे आलेल्या माणसाचा कप कोणी काढून घेत नाही. तिने घेतला.

"माझ्या स्वयंपाकघरात येऊन कशाला सांगतोस?" डाउवे म्हणाला. "मला म्हातारा म्हणालास ते सगळ्यांसमोर. तिथे जाऊन सांग."

रविवारी फेरीत वीब्रेनची पाळी आली. सगळं त्याने सांगितलं, कारखान्यातले आकडे, एका दमात लिहिणं, टेबलावरची ती फसवी चाचणी. "डाउवेंनी बटण दाबलं होतं. चूक माझी होती," असं सरळ म्हणाला. पुढच्यांनी पाळी घेतली आणि काय सांगू, त्याच्यावर मायेचा पूर आला. "अरे, फुकटात एवढं काम केलंस!" "चुका कोणाच्या होत नाहीत?" "आधी सांगायची लाज वाटली असेल, माणूस आहे." एकाने तर त्याचे आभार मानले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, चला, मिटलं.

फेरी संपवायला मी बटण दाबणार तोच तो पाळी नसताना मध्येच बोलला. हे आमच्यात कोणी करत नाही.

"मला हे नोव्हेंबरात कळलं होतं," तो म्हणाला. "काठी द्यायच्या आधी. मी टाळ्या वाजवल्या."

पुढची पाळी कोणी घेतली नाही. मायेचे शब्द बोललेल्यांनीही नाही. फेरी बंद करायचे ठरलेले शब्द न म्हणताच मी रेडिओ बंद केला. चुकीची लाज वेगळी आणि चूक लपवल्याची ही वेगळी. ही ऐकणाऱ्यालाही लागते.

एप्रिलात वाटाड्यांच्या मंडळाने डाउवेकडे माणसं पाठवली. त्याला काठी परत द्यायची होती. रिक्स्तही आली होती, काठी घेऊन. मी होते, आणि वीब्रेन दारापाशी उभा होता. त्याला बस म्हणायला कोणी तयार नव्हतं. डाउवेने काठी हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि रिक्स्तला परत दिली.

"अहो, पण आता तर सगळ्यांना कळलंय," ती म्हणाली. "तुमची काही चूक नव्हती."

"नव्हतीच, पोरी. पण चिखलातले ओहोळ हिवाळ्यात जागा बदलतात. दर हिवाळ्यात मी ओहोटीला एकटा जाऊन बघून यायचो, कुठला सरकला, कुठला खोल झाला. या हिवाळ्यात गेलो नाही. मला वाटलं, आपल्याला आता काय करायचंय. आज मला वाट माहीत नाही. तुला माहीत आहे."

मग तो दाराकडे वळला. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"नोव्हेंबरात बोलला असतास, तर या हिवाळ्यातही मी वाट बघायला चाललो असतो रे."

वीब्रेन मान खाली घालून तिथेच उभा राहिला, आणि त्याला जा म्हणायलाही कोणी पुढे झालं नाही.