चुलीवाली आक्का

आक्का एकदम घरात शिरायची नाही. दारात उभी राहून आधी खोकला ऐकायची. माझा ऐकून म्हणाली, "ह्यो चुलीचा. बिडीचा येगळा वाजतो." तिची स्वतःची छातीही चुलीनंच खाल्ली होती. चार पावलं चालली की धाप लागायची.

नव्वदनंतर आमच्या पाथर्डीकडं सरकारची बिनधुराच्या चुलीची योजना आली. चुली घालायचं काम आक्काकडं. तिनं माती कालवून माझी चूल घातली, पत्र्यातून पाइप वर काढला. योजनेचे साहेब बघायला आले, म्हणाले, "जळण कमी लागेल, झाडं वाचतील, पुढं पाऊसपाणी सुधारेल."

"पावसाचं मागून बघू साहेब," आक्का म्हणाली. "आदी हिचा दमा बघा."

साहेबांनी चूल वहीत लिहिली. ते परत दिसले नाहीत. आक्का मात्र यायची. दर अमावास्येला काठीला चिंधी बांधून पाइप झाडायचा, हा तिचा हुकूम. "सरकार चूल देतं. काजळी आपुनच काढायची."

एका उन्हाळ्यात पाणी टँकरचंच होतं. वळवाचा ढग दिसला तशी मी चुलीचा पाइप उपसला आणि पत्र्यावरचं पाणी पिंपात आणायला लावला. दोन पिंपं भरली. मला वाटलं, शहाणपण केलं. पाइप तिथंच राहिला. धूर पुन्हा घरात कोंडला, आणि पंधरा दिवसांत मला उशीला टेकून बसल्या बसल्या झोपावं लागलं.

आक्का आली. दारातूनच खोकला ऐकला, मग पिंपाकडं बघितलं.

"पाऊस किती दिस झाला?"

"दोन."

"आन् सैपाक?"

मी शिडीकडं वळले.

"दोन दिसाच्या पान्यापायी रोजचा दम घालवलास व्हय गं, शानी?"

"लावते पाइप. तू नको चढू, तुला धाप लागते."

"माझा दम गेल्यालाच हाय. तुझा अजून निम्मा शिल्लक हाय. शिडी धर."

तीन पायऱ्या चढायची, थांबायची. पण पाइप बसवूनच उतरली. दुसऱ्या दिवशी तेलाचा डबा कापून केलेली पन्हळ घेऊन आली. "पान्याला ही लाव. धुराच्या वाटंला हात लावू नको."

दोन वर्षांनी ती गेली. दवाखान्याच्या कागदावर दमा लिहिला होता, चूल नव्हती. मी रडत बसले नाही. अमावास्या नव्हती, तरी घरी येऊन पाइप झाडला.

आता गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. सून अमावास्येला पाइप झाडायची टाळाटाळ करते. मी काही बोलत नाही, शिडी लावते. मग ती पळत येते.